दोरी, टोपली आणि फेच

मंडळी, बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मधले तीन-चार वीकेंड एका रिलीजने खाल्ले, आणि त्या रिलीजच्या वेळी एक जुनी जखम आठवली. आजचा विषय तिथूनच सुचला. विषय तसा रुक्ष आहे. वेब पानातून सर्व्हरकडे काही मागायचं असेल तर आपण प्रोग्रामर लोक ज्या मुक्त-स्रोत लायब्रऱ्या वापरतो, त्या आल्या कुठून आणि जातात कुठे? पण सुरुवात आमच्या मुगभाटातल्या चाळीपासून करतो, म्हणजे जे आयटीवाले नाहीत तेही दोन परिच्छेद तरी टिकतील. :-)

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आजीचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिचं जिना उतरणं बंद झालं होतं. त्यामुळे गॅलरीच्या कठड्याला कायम एक दोरी आणि टोपली बांधलेली असे. आजीची पद्धत ठरलेली. वरून हाक मारायची, "शेठ, पाव किलो साखर!" टोपलीत चिठ्ठी आणि पैसे ठेवून दोरी खाली सोडायची आणि आत जाऊन फोडणी टाकायची. कठड्याशी उभं राहून वाट बघायला वेळ कुणाला होता? खालून शेठनी दोरीला हिसके दिले की कठड्याला लावलेली घंटी वाजायची, मग आजी येऊन टोपली वर ओढायची.

आणि एक गोष्ट ती कधीही चुकवायची नाही. टोपली वर आली की आधी आत डोकवायची. कारण कधी कधी टोपलीत साखर नसायचीच. तिचे पैसे आणि तिचीच चिठ्ठी परत आलेली असायची, मागे शेठच्या अक्षरात "उद्या" असं लिहिलेलं.

ही टोपली लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर आता इतिहास. गिरगावातून रमतगमत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, फोर्टात, विदेश संचार भवन आहे. विदेश संचार निगमने, म्हणजे आपल्या व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. (ही कंपनी २००२ मध्ये टाटांकडे गेली आणि २००८ मध्ये तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं.) बाबांच्या एका मित्राच्या धाकट्या भावाने तेव्हा विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलं होतं. बाबा अजून सांगतात, "चित्रं-बित्रं काही नाही रे, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तरी आम्ही चौघं जण डोळे फाडून बघत होतो!"

अशा शेल अकाउंटवर वेब बघायचं तर सोबतीला असायचा लिंक्स नावाचा ब्राउझर. (लिनक्स नव्हे, लिंक्स. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला.) आणि या लिंक्सच्या पोटात होती लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाची एक लायब्ररी, मूळ टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेली. सर्व्हर शोधायचा, त्याच्याशी जोडणी करायची, पान मागायचं आणि आलेलं उत्तर वाचायचं, ही सगळी हमाली ती करायची. सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं सॉफ्टवेअर जगासाठी खुलं केलं, तेव्हा त्या कागदावर तीन गोष्टी होत्या : साधा ब्राउझर, साधा सर्व्हर आणि सामायिक कोडची लायब्ररी. म्हणजे बघा, टोपली-दोरीचं काम प्रत्येकाने नव्याने करू नये, एकाने केलेलं सगळ्यांनी वापरावं, ही कल्पना वेबच्या जन्मापासूनच आहे.

दुसरी गोष्ट स्वीडनमधली. डॅनियल स्टेनबर्ग नावाच्या प्रोग्रामरला गप्पांच्या एका चॅनेलवर चलनांचे दर दाखवायचे होते, म्हणून वेबवरून ते दर खेचून आणणारा छोटा प्रोग्राम हवा होता. १९९६ साली त्याला एचटीटीपीगेट नावाचा एक तयार प्रोग्राम सापडला, जेमतेम काही शे ओळींचा. तो त्याने हातात घेतला, वाढवला, आणि २० मार्च १९९८ रोजी तो 'कर्ल' या नावाने बाहेर आला. २००० साली त्यातून लिबकर्ल ही लायब्ररी निघाली. आज गाड्यांत, टीव्हीत, फोनमध्ये ती मुकाट्याने पळत असते. डॉलरचा भाव बघायला निघालेला माणूस कुठे पोचला बघा!

पण हे झालं सर्व्हरवरचं आणि कमांड लाइनवरचं. ब्राउझरमधल्या पानाची अवस्था मात्र बिकट होती. पान एकदा आलं की आलं. त्यातला एक आकडा जरी बदलायचा असेल तरी फॉर्म सबमिट करा, पडदा पांढरा होऊ द्या आणि अख्खं पान पुन्हा उतरवा. डायल-अपवर त्यात चहा पिऊन व्हायचा. आजीच्या भाषेत सांगायचं तर पाव किलो साखरेसाठी दर वेळी सगळं स्वयंपाकघर खाली न्यायचं आणि परत वर आणायचं.

यातून सुटका केली ती मायक्रोसॉफ्टने. (हो, हो, मुक्त-स्रोतवाल्यांनी नाक मुरडू नये!) ब्राउझरमधून ईमेल वाचता यावी म्हणून त्यांची आउटलुक वेब ॲक्सेसची टीम काम करत होती. तिथल्या ॲलेक्स हॉपमनने पान न बदलता पाठीमागून सर्व्हरशी बोलणारा एक घटक लिहिला. तो इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत मार्च १९९९ मध्ये लोकांपर्यंत पोचला. नाव होतं एक्सएमएलएचटीटीपी. गंमत म्हणजे त्याचा एक्सएमएलशी फारसा संबंध नाही. रिलीज तोंडावर आलेला, बरोबर जाऊ शकेल अशी एक्सएमएलचीच लायब्ररी हाताशी होती, तेव्हा नावात एक्सएमएल कोंबून हा घटक तिच्यासोबत ढकलून दिला. हे हॉपमनने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. डेडलाइनपायी नावं कशी पडतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे मोझिलाने हीच सोय एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या नावाने आपल्या ब्राउझरमध्ये आणली, मग सफारीने, मग ऑपेराने. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये गुगल मॅप्स, आणि लोक थक्क झाले. नकाशा सरकतो पण पान हलत नाही! त्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी २००५ रोजी, जेसी जेम्स गॅरेटने एक लेख लिहून या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. त्यातला पहिला ए म्हणजे असिंक्रोनस. टोपली सोडून फोडणी टाकायला आत जाणं म्हणजेच असिंक्रोनस. रेशनच्या रांगेत नंबर येईपर्यंत उभं राहणं म्हणजे सिंक्रोनस. आमच्या आजीला हे गॅरेटच्या कितीतरी आधी माहीत होतं.

आता खरी गोम इथे आहे. सोय सगळ्या ब्राउझरांत आली, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक्स्प्लोररमध्ये ती ॲक्टिव्हएक्सच्या दारातून मागावी लागे, इतरांत थेट. (एक्स्प्लोररला थेट दार मिळालं ते सातव्या आवृत्तीत, २००६ साली.) एकदा मागितलेलं उत्तर एक्स्प्लोरर जपून ठेवी आणि पुन्हा विचारलं की सर्व्हरकडे न जाता तेच शिळं उत्तर हातात देई. आणि सगळ्यात भारी म्हणजे १२२३. सर्व्हरने "काम झालं, सांगण्यासारखं काही नाही" या अर्थाचा २०४ हा आकडा पाठवला की एक्स्प्लोररचे काही अवतार त्याचं १२२३ करून दाखवायचे. असा आकडा एचटीटीपीच्या कुठल्याही यादीत नाही!

या सगळ्या भानगडींवर उतारा म्हणून लायब्रऱ्या आल्या. २००५ मध्ये सॅम स्टीफन्सनची प्रोटोटाइप आली, रूबी ऑन रेल्सच्या सोबतीने. १४ जानेवारी २००६ रोजी न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी दाखवली आणि पुढची आठ-दहा वर्षं वेबवर तिचंच राज्य होतं. लोकांना तिचा सुटसुटीतपणा आवडला हे खरंच, पण मी एकदा कुतूहलाने तिचा जुना कोड उघडून वाचला तेव्हा वेगळंच काहीतरी दिसलं. त्यात तो १२२३ होता! एका अटीत, गुपचूप. म्हणजे कुणीतरी कुठेतरी रात्र रात्र डोकं आपटलं, हा आकडा कुठून येतोय ते शोधलं आणि तिथे लिहून ठेवलं, की बाबांनो, हा आला तरी घाबरू नका, काम झालेलं आहे. शिळ्या उत्तरांवरचाही उपाय तिथे होता. सांगितलं की पत्त्याच्या शेपटीला ती घड्याळातली वेळ जोडायची, म्हणजे दर वेळी पत्ता नवा आणि उत्तर ताजं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की लायब्ररी म्हणजे नुसता कमी कोड नाही. दुसऱ्यांनी खाल्लेल्या ठेचांची ती वही असते.

इथे एक मराठी आडवळण घेतो. त्या दशकात आंतरजालावर मराठी टंकायचं कसं हा मोठाच प्रश्न होता. एक मार्ग होता गुगलच्या लिप्यंतराचा. रोमन अक्षरांत शब्द लिहून स्पेसबार दाबला की शब्द सर्व्हरकडे जायचा आणि देवनागरी होऊन परत यायचा. दर शब्दाला एक टोपली! दुसरा मार्ग ओंकार जोशी यांच्या 'गमभन'चा, जे मिसळपावसारख्या मराठी संकेतस्थळांवर असायचं. त्यात अक्षरांचं रूपांतर ब्राउझरमध्येच व्हायचं, सर्व्हरला काही विचारावंच लागत नसे. नेट मध्येच गचकलं तरी टंकन चालू. रिक्वेस्टच्या इतिहासात न केलेल्या रिक्वेस्टचाही मान ठेवला पाहिजे, म्हणून हे लिहिलं. साखर घरात असेल तर टोपली सोडायचीच कशाला?

असो. २००९ मध्ये रायन डालने नोड.जेएस आणलं आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवर जाऊन बसली. तिथे मिकील रॉजर्सची लायब्ररी आली, नाव अगदी साधं : 'रिक्वेस्ट'. बघता बघता हजारो पॅकेजेस तिच्यावर उभी राहिली. २०१४ मध्ये मॅट झाब्रिस्कीची ॲक्सिओस आली. ती ब्राउझरमध्येही चालते आणि सर्व्हरवरही, कॉलबॅकच्या भेंडोळ्याऐवजी प्रॉमिस देते, आणि उत्तराचा आकडा २०० ते २९९ मध्ये नसेल तर थेट एरर म्हणून तुमच्यासमोर उभी राहते.

दरम्यान ब्राउझर बनवणाऱ्यांनी विचार केला, की जे काम सगळेच लायब्ररी लावून करतात ते आपणच का देऊ नये? २०१५ मध्ये क्रोम ४२ आणि फायरफॉक्स ३९ मध्ये 'फेच' आलं, २०१७ मध्ये सफारीत. नोडच्या १८व्या आवृत्तीत, एप्रिल २०२२ मध्ये, ते सर्व्हरवरही आपोआप हजर झालं, आणि २०२३ च्या २१व्या आवृत्तीत त्याच्यावरची 'प्रायोगिक' ही पाटी निघाली. नोडमधल्या फेचच्या पोटातही एक मुक्त-स्रोत लायब्ररीच आहे. तिचं नाव उंदिची, इटालियन भाषेत अकरा. एचटीटीपी १.१ वरून एक-एक, म्हणजे अकरा!

आणि 'रिक्वेस्ट'चं काय झालं? मार्च २०१९ मध्ये रॉजर्सने एक टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की भाषा बदलली, लिहिण्याची रीत बदलली. आता आपली लायब्ररी सगळ्यांच्या समोर बसून राहिली तर नवीन लायब्रऱ्यांना जागाच मिळणार नाही. तेव्हा हिने आता बाजूला व्हावं हेच सगळ्यांच्या भल्याचं. ११ फेब्रुवारी २०२० रोजी ती अधिकृतपणे निवृत्त झाली. मी २०१९ मध्ये नोकरीला लागलो होतो आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये ती जागोजागी होती. ती उपटायचं काम अर्थातच सगळ्यात नवीन पोराकडे आलं. तेव्हा मी त्या माणसाला मनात भरपूर शिव्या घातल्या. आज वाटतं, जगभर नाव असताना स्वतःहून खुर्ची सोडणारा माणूस विरळाच.

आता ती जखम. दोनेक वर्षांपूर्वी, तेव्हाच्या नोकरीत, आमच्याकडे एका मोठ्या ग्राहकाची अंतर्गत प्रणाली होती. कर्मचाऱ्यांनी वैद्यकीय खर्चाची बिलं स्कॅन करून चढवायची आणि दावा पाठवायचा. कोड जुना, त्यात ॲक्सिओस. मी फर्मान काढलं, की आता फेच आहे ना सगळीकडे, मग ही बाहेरची लायब्ररी कशाला? एक अवलंबित्व कमी. सगळ्यांना पटलं. एका शनिवार-रविवारी मीच बसून बदल केला. चाचण्या हिरव्या. सोमवारी रिलीज. खूश!

दहा-बारा दिवसांनी सपोर्टच्या कॉलवर मला बसवलं. पलीकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या यजमानांची बायपास झाली होती. बिलांचा गठ्ठा त्यांनी रात्री जागून, एकेक कागद सरळ करून स्कॅन केला होता आणि मुदतीच्या आत दावा पाठवला होता. दप्तरी मात्र दावा आलेलाच नव्हता आणि मुदत उलटून गेली होती. त्या चिडल्या नव्हत्या. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, हिरवी खूण आली होती हो. मी बघितली ना."

खूण आलीच होती. ती मीच दाखवत होतो.

झालं होतं असं. फाइल फार मोठी असली की सर्व्हर ४१३ हा आकडा पाठवतो, म्हणजे "एवढं ओझं मला पेलत नाही". ॲक्सिओस त्याला एरर मानायची आणि आमचा जुना कोड "फाइल मोठी आहे, दोन भागांत पाठवा" असा निरोप दाखवायचा. फेचचं तसं नाही. त्याच्या लेखी सर्व्हरकडून उत्तर आलं म्हणजे प्रवास यशस्वी. मग ते उत्तर ४०४ असो, ४१३ असो की ५००. आकडा चांगला की वाईट हे आपण स्वतः तपासायचं असतं. मी तपासलं नव्हतं. उत्तर आलं, दाखव हिरवी खूण! माझ्या चाचण्यांमधली बिलं छोटीशी होती, त्यामुळे तिथे कधी काही अडलंच नाही.

यात फेचची चूक आहे का? अजिबात नाही. हे त्याच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे आणि त्यामागे विचारही आहे. टोपली वर आली एवढंच ते सांगतं. आत साखर आहे की चिठ्ठी, ते बघणं ज्याचं त्याने करायचं. पण मला सगळ्यात लागलं ते हे, की ज्यांचं आजारपण मोठं त्यांची बिलं जास्त, ज्यांची बिलं जास्त त्यांची फाइल मोठी, आणि ज्यांची फाइल मोठी नेमका त्यांचाच दावा माझ्या कोडने गिळला. ताप-खोकल्याची बिलं व्यवस्थित पोचत होती.

दावे पुढे हाताने उघडून घेतले गेले, त्या बाईंचे पैसेही मिळाले. त्यासाठी सर्व्हरच्या नोंदी चाळून नावं काढायला दोन रात्री लागल्या आणि मला त्या कमीच वाटल्या.

त्यानंतर मी ॲक्सिओस परत आणली नाही. फेचच ठेवलं, पण त्याच्याभोवती साठेक ओळींचं वेष्टण लिहिलं. आकडा तपासा. ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही तर हात काढून घ्या (फेच आपणहून तेही करत नाही). आलेला मजकूर खरंच जेसन आहे का ते बघा. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती का आहे ते मराठीत लिहून ठेवलंय, पुढचा येणारा काढून टाकण्याआधी निदान वाचेल तरी. लिहिता लिहिता लक्षात आलं, की मी ॲक्सिओसच लिहितोय, छोटी आणि घरगुती. तिच्यातल्या ज्या ओळी मला फालतू वाटल्या होत्या, त्यांतली प्रत्येक कुणाच्या तरी अशाच एका फोनकॉलमधून आली असणार.

माझ्या मते या तीस वर्षांच्या इतिहासाचं सार एवढंच. लायब्रऱ्या येतात, भाषेची उणीव भरून काढतात, मग भाषाच शहाणी होते आणि लायब्ररी निवृत्त होते. हे चांगलंच आहे, असंच व्हायला हवं. पण निवृत्त होणारा माणूस कार्यालयातून जाताना त्याच्या नावावर लिहिलेली कामंच आपण वाटून घेतो. न लिहिलेली जी तो मुकाट करत असतो, ती कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. तेव्हा कुठलीही लायब्ररी काढताना "तिच्याऐवजी काय लावू" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "ती आपल्यासाठी काय काय करत होती?" आणि त्याचं उत्तर तिच्या कोडमध्ये उघडं असतं. मुक्त-स्रोत असण्याचा हा खरा फायदा, फुकट मिळण्यापेक्षाही मोठा. आपण तो घेत नाही, कारण वाचायचा कंटाळा.

आमची चाळ आता नाही. तिच्या जागी टॉवर आहे, आम्ही चौदाव्या मजल्यावर आहोत आणि एवढ्या वरून टोपली सोडणं म्हणजे अशक्यच. वाणसामान ॲपवरून येतं. परवा फोनवर हिरवी खूण उमटली, "ऑर्डर पोहोचली". मी दारातली पिशवी उचलून आत आणली आणि खुशाल लॅपटॉप उघडून बसलो.

आजी खुर्चीतून म्हणाली, "अरे, आधी उघडून बघ की आत काय आहे."

बघितलं. साखर नव्हती.